सायरन वाजला तर हात मोकळे हवेत: लहान मुलांच्या घराची तयारी

आम्ही पुण्यात धानोरीला राहतो. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, त्यामुळे सुखोईचा आवाज आमच्या मुलांना कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा. ७ मे २०२५ च्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली, तेव्हा थोरली पाच वर्षांची होती आणि धाकटा दीड वर्षाचा. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वळिवाच्या पावसात दिवे गेले. धाकटा कडेवर, मी एका हाताने ड्रॉवर उपसतेय, टॉर्च सापडला तर आतले सेल गळून पांढरे झालेले. थोरलीने माझा गाऊन घट्ट धरला आणि अगदी हळू विचारलं, "आई, आलं का युद्ध?" मी तिला जवळ घेतलं नाही. माझे हात सेल शोधत होते. पंधरा मिनिटांत दिवे आले, पण तिचा तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. ही यादी त्या पंधरा मिनिटांतून निघाली आहे.

पुणं सीमेपासून लांब आहे, हे खरं. पण लष्कराचं दक्षिण मुख्यालय इथेच, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना इथेच, आणि ७ मे रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलमध्ये पुण्याचंही नाव होतं. म्हणून घाबरून नव्हे, पण घरातली एक शनिवारची दुपार काढून तयारी करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. सामान जमवताना मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: वेळ आली तर ही माझा हात अडवेल का? एक हात धाकट्याला उचलायला लागतो, दुसरा थोरलीचा हात धरायला. तिसरा हात नाही.

त्यामुळे सुरुवात उजेडापासून. हातात धरायचा टॉर्च असू द्या, पण खरा उपयोगी कपाळाला बांधायचा. माझा दीर पहाटे सिंहगड चढायला जातो, त्याच्याकडे असे दोन होते, एक आम्ही मागून घेतला. सेल टॉर्चच्या आत ठेवू नका, शेजारी डबीत ठेवा आणि डबी मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच ठेवा. खेळण्यांतले गोल चपटे सेल तर घरातून काढूनच टाका. दीड-दोन वर्षांच्या मुलाने तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, आणि अंधारात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मेणबत्त्या आमच्या घरात बाद केल्या आहेत. रांगतं-धावतं मूल आणि उघडी ज्योत एका खोलीत नको. पॉवर बँक रविवारी रात्री चार्ज करायची, म्हणजे दूधवाल्याच्या हिशोबासारखी ती आठवते.

पाण्यावर जरा जास्त बोलते, कारण इथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. शहराचं बरंचसं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या साखळीतून येतं, आमच्या पूर्व भागाला भामा-आसखेडचं. धरण भरलेलं असलं तरी नळापर्यंत ते विजेवरच्या पंपांनीच पोचतं, आणि सोसायटीच्या टाकीत चढवायलाही मोटरच लागते. वर आपण सगळे आरओवर अवलंबून, तोही विजेवर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला, तेव्हा पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले होते, हे जुन्या पुणेकरांकडून अनेकदा ऐकलंय. माणशी दिवसाला पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून साधारण ४ लिटर धरा. आम्ही पाच जण, म्हणजे तीन दिवसांचं ६० लिटर. गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी भरून ठेवायची सवय पुण्यातल्या घरांना आहेच, तीच थोडी वाढवायची. शंका असेल ते पाणी चांगलं खळखळून उकळा, गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब, पाकिटावर लिहिलंय तेवढेच. आणि हे कृपा करून विसरू नका: भरलेली उघडी बादली ही लहान मुलाला बुडवू शकते. डोकं आत गेलं की त्याला स्वतःला वर काढता येत नाही. झाकणाची पिंपं घ्या, नाहीतर बादल्या बाथरूममध्ये ठेवून बाहेरून कडी लावा.

स्वयंपाकघराला फार नवं काही लागत नाही. चूल न पेटवता मुलांचं पोट भरेल असं काय आहे, एवढंच बघायचं, आणि याचं उत्तर आपल्या आज्यांकडे तयार आहे. सातूचं पीठ गूळपाण्यात कालवलं की झालं. पातळ पोहे पाण्याचा हबका मारून, दडपून ठेवले की मऊ होतात. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, मेतकूट. अख्खे शेंगदाणे आणि चणे मात्र लहानग्याच्या हाती देऊ नका, घशात अडकतात, कूट करून द्या. वरचं दूध पिणारं मूल असेल तर दुधाची पावडर आठवड्याभराची जास्त ठेवा, पण वर्षाच्या आतल्या बाळाला साधी दूध पावडर चालत नाही, त्याचं वेगळं फॉर्म्युला दूध असतं. अंगावर पाजत असाल तर ते चालूच ठेवा. भीतीने दूध आटत नाही, उतरायला जरा वेळ लागतो, बाळाला पुन्हा पुन्हा जवळ घेतलं की येतं. दोन आठवड्यांच्या वर किराणा भरू नका. २०२५ च्या मे महिन्यात धान्याचा साठा पुरेसा आहे असं केंद्र सरकारने स्वतःहून सांगितलं होतं, आणि आपण पाच किलो साखर जादा उचलली की रोजंदारीवरच्या घराला पाव किलोही मिळत नाही.

औषधांचा डबा पारदर्शक घ्या. पॅरासिटामॉलचं सिरप दोन वेगवेगळ्या ताकदींत मिळतं, ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. दोन्ही बाटल्या घरात असल्या की रात्री घाईत दुप्पट डोस जातो. एकच ठेवा, आणि आपल्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाला किती मिली ते विचारून, तारखेसह चिठ्ठी बाटलीवर चिकटवा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घालायचं, कपभर पाण्यात चिमूट-चिमूट नाही. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दम्याचा त्रास असलेल्या मुलाचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, दोन्ही एकत्र बांधून ठेवा. लस राहिली असेल तर आजच्या आज घेऊन या, विशेषतः गोवराची, नवव्या महिन्याची आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधली. माणसं एका जागी दाटीने राहायला लागली की पहिला गोवरच पसरतो.

आता घरातली जागा. युक्रेनमध्ये २०२२ पासून आईबाप "दोन भिंती" मोजतात: बाहेर आणि आपण यांच्यामध्ये दोन भिंती हव्यात, पहिली धक्का घेते, दुसरी काचा आणि तुकडे अडवते. मी एका दुपारी आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट तसा मोजला. हॉलला मोठी स्लायडिंगची काच, बेडरूमला काच, स्वयंपाकघराला काच. उरला बाथरूमसमोरचा बोळ, जेमतेम दीड मीटर रुंद. तिथली चपलांची मांडणी काढली, भिंतीला एक जुनी गादी उभी केली, खुंटीला घाईत उचलायची बॅग टांगली. मुलांचे पलंग खिडकीपासून हलवले, ते मात्र कायमचेच. लिफ्ट विसरायची, आणि जिन्यातल्या सायकली-कुंड्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगून हलवायला लावायच्या, वाईटपणा आला तरी.

खाली-वर होणारा सायरन म्हणजे धोका, एका सुरात सलग वाजणारा म्हणजे धोका टळला. हे पाच वर्षांच्या मुलाला समजावून सांगायचं तर भाषण उपयोगाचं नाही. आम्ही "डोंगराला आग लागली, पळा पळा" चाच खेळ केला. मी तोंडाने खाली-वर आवाज काढला की सगळ्यांनी बोळात जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसायचं, सरळ आवाज काढला की बाहेर. पहिल्या दिवशी थोरली खिदळत होती, तिसऱ्या दिवशी ती धाकट्याला ओढत आणायला लागली, तेव्हा तिला सांगितलं की त्याला आणायचं काम तुझं नाही, ते माझं. तू फक्त स्वतः ये. मोठ्या भावंडावर हे ओझं टाकू नका, कितीही शहाणं असलं तरी. धाकट्याला पोटाशी बांधायला माझ्याकडे कॅरियर आहे, पण सासूबाईंनी जुन्या सुती साडीने पाठुंगळी बांधायला शिकवलं ते जास्त पटकन होतं.

सासूबाई १९७१ च्या डिसेंबरात गिरगावातल्या चाळीत होत्या, वय नऊ. ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग. त्यांना भीती आठवत नाही, आठवतं ते हे की त्यांचे वडील अंधारात सगळ्यांकडून परवचा म्हणून घेत, आणि एकोणतिसाच्या पाढ्याला सगळी चाळ अडखळे. म्हणून अंधारात करायच्या गोष्टींची यादीही आमच्या यादीत आहे: शुभंकरोति, पाढे, भेंड्या, आणि एक गोष्ट जी रोज थोडी पुढे जाते. दिवसाचा आकार मोडू द्यायचा नाही. दुपारची झोप त्याच वेळेला, आंघोळ त्याच वेळेला, पाणी कमी असलं तर अंग पुसून, पण त्याच वेळेला.

टीव्ही मुलं जागी असताना बंद. त्या मे महिन्यात वाहिन्यांवर सायरनचा आवाज इतका वाजला की १० मे रोजी सरकारला कार्यक्रमांत तो वाजवू नका असं सांगावं लागलं. मोठ्यांना ती बातमी, मुलाला तो घरातच वाजलेला सायरन. आम्ही सेलवरचा छोटा रेडिओ घेतला, सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐकतो आणि बंद करतो. लोहगावहून उडणाऱ्या विमानांचे व्हिडिओ काढून कुठेही टाकायचे नाहीत, हे घरातल्या मोठ्या मुलांना स्पष्ट सांगा, कारण सांगून सांगा. मूल विचारेल तेवढंच आणि खरंच उत्तर द्या. आधी त्याला काय माहीत आहे ते विचारा, कारण बऱ्याचदा त्याची भीती वेगळीच असते. आमच्या थोरलीला युद्ध म्हणजे आपण हे घर सोडायचं आणि मांजर इथेच राहणार, असं वाटत होतं. बॅगेवर मांजराच्या पिंजऱ्याची जागा दाखवली तेव्हा ती झोपली. आणि खेळता खेळता वर्गातल्या कुणाला "तू शत्रू" म्हणालं, त्याच्या नावावरून, तर तिथेच थांबवा. ते पाच वर्षांचं मूल घरी जाऊन आईला काय विचारेल, याचा विचार करा.

शाळेतून कोण आणणार हे लिहून शाळेला द्या. मी कल्याणीनगरला, नवरा हिंजवडीला. तिथून धानोरीला यायला चांगल्या दिवशी दीड तास. म्हणून आम्ही शेजारच्या दोन घरांची नावं दिली आहेत आणि मुलीला एक गुप्त शब्द. तो शब्द न सांगणाऱ्याबरोबर, ओळखीचा असला तरी, जायचं नाही. फोन लागले नाहीत तर कुठे भेटायचं तेही ठरवलंय. माझा नंबर ती चालीत म्हणते. धाकट्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या सदऱ्याच्या आत कापडी पट्टी शिवली आहे: नाव, रक्तगट, दोन फोन. युक्रेनच्या आयांनी घाईत मुलांच्या पाठीवर पेनाने लिहिलं होतं. आपल्याला शिवायला वेळ आहे.

बॅग पाठीवरचीच. मुलांचे आधार, लसीकरणाचं कार्ड, जन्मदाखल्याची प्रत, आपल्यासोबतचा मुलांचा छापील फोटो, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण यूपीआय बंद पडू शकतं. एक कपड्यांचा जोड, लंगोट, आणि ज्याशिवाय मूल झोपत नाही ती चिंधी, तिचाच दुसरा तुकडा. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत: ११२, १०८, मुलांसाठी १०९८, आणि मन घाबरलं तर टेलिमानसचा १४४१६. हा शेवटचा आईबापांनीही वापरावा.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाचे वडील सैन्यात आहेत. त्या आठवड्यात लोक जिन्यात त्याच्या आईला थांबवून "काही कळलं का?" विचारायचे. विचारू नका. डबा द्या, मुलाला दोन तास खेळायला वर आणा, टीव्ही बंद ठेवा. आणि पार्किंगमधल्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनकाकांच्या घरातही चार वर्षांची मुलगी आहे. त्यांच्या खोलीवर पत्रा आहे, तिथे दोन भिंती कुठून येणार? सायरन झाला तर त्यांनी पहिल्या मजल्याच्या जिन्याशी यायचं, हे सोसायटीने त्यांना आधीच सांगून ठेवायला हवं. आमच्या सोसायटीत ते मीटिंगमध्ये तीनदा मांडावं लागलं, आता नोटीस बोर्डवर आहे.

बॅग दर तीन महिन्यांनी उघडा. औषधांच्या तारखा, खाऊला लागलेली मुंगी, कपड्यांची मापं. मागच्या वेळी उघडली तर धाकट्याचे बूट त्याच्या अंगठ्याशीच अडकले. ते धुऊन खालच्या मजल्यावरच्या बाळाला दिले आणि एक नंबर मोठे आणून, आत वर्तमानपत्र कोंबून, बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवले.