राक्षस, राजकन्या आणि रिमोट: तलवारबाजीच्या सिनेमाचं परीक्षण लिहिताना

तलवारी, मांत्रिक, राजकन्या आणि शेवटाला एखादा राक्षस असलेला सिनेमा हाती आला की नवा परीक्षक बहुतेक वेळा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर त्याची टर उडवतो, नाहीतर ‘डोकं बाजूला ठेवून बघा’ असं लिहून मोकळा होतो. दोन्ही परीक्षणं सिनेमा न बघताही लिहिता येतात, हीच त्यांची अडचण. मी बरीच वर्षं घरी बघायच्या डिस्कवर लिहितोय आणि सगळ्यात जास्त घाम मला याच सिनेमांनी काढायला लावलाय. कारण विनोद, मारामारी आणि जादू यांचा तोल कुठे सांभाळला आणि कुठे गेला, हे नेमकं सांगावं लागतं.

सरावासाठी मी नवशिक्यांना कॉनन या रानटी तलवारबहाद्दराचा ‘कॉनन द डिस्ट्रॉयर’ (१९८४) सुचवतो. सिनेमा थोर वगैरे मुळीच नाही. पण त्याच्या आधीचा ‘कॉनन द बार्बेरियन’ (१९८२) शेजारी ठेवला की हलकं करणं म्हणजे काय, ते डोळ्यांना दिसतं. जॉन मिलियसचा पहिला भाग रक्ताळलेला, गंभीर, अमेरिकेत ‘आर’ म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय न सोडणारं प्रमाणपत्र मिळालेला. दुसरा भाग रिचर्ड फ्लायशरने केला, तो ‘पीजी’ म्हणजे पोराबाळांनाही चालेल असा. तो प्रदर्शित झाला २९ जून १९८४ ला आणि ‘पीजी-१३’ हा मधला वर्ग अमेरिकेत सुरू झाला १ जुलैला. दोन दिवसांनी हुकलं! त्या नव्या वर्गातला पडद्यावर आलेला पहिला सिनेमा ‘रेड डॉन’, आणि त्याचा दिग्दर्शक पुन्हा मिलियसच. असली माहिती परीक्षणात नुसती शोभेला घालू नका. तलवार पोटात शिरते, पण रक्त जेमतेम का दिसतं, याचं उत्तर देण्यापुरतीच ती वापरा.

पहिल्यांदा बघताना हातात पेन घेऊ नका. कुठे हसू आलं, कुठे मोबाइलकडे हात गेला, एवढंच लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा रिमोट घेऊन बसा आणि त्याच जागी थांबा. ‘डिस्ट्रॉयर’मध्ये आरसे लावलेल्या दालनातली मारामारी आहे. कॉननचे वार राक्षसाला लागतच नाहीत. आरसा फुटला की मात्र तो जखमी होतो. हे कॉननला कळायच्या थोडं आधी प्रेक्षकाला कळतं आणि सगळी गंमत त्या फरकात आहे. ‘ॲक्शन दृश्यं रंगतदार आहेत’ हे वाक्य खोडा आणि त्या जागी हे लिहा. वाचकाला तुमच्यावर भरवसा ठेवायला एवढं एक दृश्य पुरतं.

विनोद तपासताना हसू कुणाच्या जिवावर चाललंय ते बघा. इथे मलाक नावाचा चोर आहे, सतत बडबडणारा आणि घाबरणारा. थोड्या वेळाने मला त्याचा कंटाळा येतो, कारण तो कथेत काहीच हलवत नाही. उलट ग्रेस जोन्सने केलेली लढवय्यी झुला फारसं न बोलता प्रत्येक प्रसंग खाऊन टाकते. पहिल्या भागात कॉननने उंटाला ठोसा मारला होता, इथेही उंट समोर येतो. तो विनोद पहिला भाग न बघितलेल्याला कळेल का, हा प्रश्न विचारायला हवा. तुमच्या वाचकांतले निम्मे तरी तसेच असणार.

माणसांची माहितीही अशीच कामाला लावायची. राजकन्येचा रक्षक बोंबाटा झालेला विल्ट चेंबरलेन म्हणजे १९६२ मध्ये बास्केटबॉलच्या एका सामन्यात एकट्याने १०० गुण करणारा खेळाडू. अभिनय बेताचा, पण त्याच्या शेजारी कॉनन झालेला अर्नोल्ड श्वार्झनेगर चक्क लहानखुरा दिसतो आणि त्यातून नायकाला खरा धोका आहे असं वाटतं. शेवटच्या डागोथ राक्षसाच्या पोशाखात कुस्तीगीर आंद्रे द जायंट आहे. कथा रॉय थॉमस आणि जेरी कॉनवे या कॉमिक्सवाल्यांची, म्हणून दर मुक्कामी नवा सोबती आणि नवं संकट. लहानपणी ‘चांदोबा’ वाचलेल्यांना ही चाल समजावून सांगायची गरज नाही.

आता डिस्क. सिनेमा आणि डिस्क हे दोन वेगळे माल आहेत आणि वाचक पैसे डिस्कचे मोजतो. टुकार सिनेमाची देखणी डिस्क असते, चांगल्या सिनेमाची भिकार डिस्क असते. एकाचे गुण दुसऱ्याला देऊ नका. ‘डिस्ट्रॉयर’चा छायालेखक जॅक कार्डिफ. याच फ्लायशरबरोबर त्याने १९५८ मध्ये ‘द व्हायकिंग्ज’ केला होता आणि इंग्लंडमधल्या स्टुडिओत हिमालय उभा करणाऱ्या ‘ब्लॅक नार्सिसस’साठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. मेक्सिकोतल्या उन्हात त्याने रुंद पडद्यासाठी टिपलेली ही चौकट व्हिडिओ लायब्ररीच्या काळात टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही बाजूंनी कापली जायची. पाच-सहा जणांची टोळी आडवी चाललीय आणि कडेचे दोघे गायब! तेव्हा पहिल्यांदा चौकटीचं प्रमाण बघा. मग फिल्मचे दाणे, म्हणजे फिल्मवर टिपलेल्या चित्रात मुळातच असणारा बारीक रवाळपणा. ते पुसून चित्र ‘स्वच्छ’ केलेलं असेल तर चेहरे मेणाचे दिसतात आणि चामडं प्लास्टिकचं. जुने ट्रिक सीन चकचकीत प्रतीत जास्त उघडे पडतात. त्याचा दोष डिस्कला लावू नका.

लांबी स्वतः मोजा. सिनेमा १०३ मिनिटांचा आहे, पण पाल या युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो साधारण ९९ मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं. सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात आणि आवाजही किंचित चढतो. खरी कात्री वेगळी ओळखावी लागते. ब्रिटनमध्ये प्राण्यांना इजा करून केलेलं चित्रण दाखवायला १९३७ च्या कायद्याने बंदी आहे आणि तिथल्या आवृत्तीत या सिनेमातली घोडे पडण्याची दृश्यं छाटली गेली होती. परदेशातून डिस्क मागवणाऱ्या आपल्या वाचकाला हे सांगायलाच हवं. शिवाय बऱ्याच डिस्क जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालतात. डीव्हीडीसाठी भारताचा विभाग ५ आणि ब्लू-रेसाठी ‘सी’, त्यामुळे अमेरिकेची डिस्क इथल्या प्लेअरवर अडू शकते. फोरके डिस्कला ही भानगड नाही.

कमेंटरी ट्रॅक, म्हणजे सिनेमा चालू असताना दिग्दर्शक वगैरे मंडळी त्यावर बोलतात ती ध्वनिफीत, आपला पहिला मसुदा झाल्यावरच ऐका. आधी ऐकलात तर दिग्दर्शकाचं मत तुमच्या नावाने छापलं जातं. आणि डिस्क कंपनीने फुकट पाठवली असेल तर वरच्याच ओळीत तसं लिहा.

पैशांबद्दल बोलायचं तर सुरुवातीला या लिखाणातून डिस्कचा खर्चही निघत नाही. मित्रमंडळींत अदलाबदल करा, जुन्या डिस्क विकणाऱ्यांकडे फेऱ्या मारा. एकाच सिनेमाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर सोडू नका. तुलना करणारं परीक्षण लोक शोधून वाचतात, कारण घरात जुनी प्रत असलेल्याला फक्त एवढंच हवं असतं की नवीवर पुन्हा खर्च करावा की नाही. त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या, आणि किंमत लिहायला विसरू नका.