जीपच्या डॅशबोर्डवर खवले कसे काढायचे

मे १९२७ मध्ये अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग ज्या विमानातून एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला, त्याचं नाक फोटोत नीट बघा. पत्र्यावर एकात एक अडकलेली गोल गोल चकाकती वर्तुळं दिसतील. जुन्या बुगाटी गाड्यांच्या इंजिनांवर नि डॅशबोर्डांवरही हेच काम असायचं. याला इंजिन टर्निंग म्हणतात. मला मात्र ते पहिल्यांदा बघताना तांबोशी माशाचे खवलेच आठवले. रत्नागिरीत राहून दुसरं काय आठवणार?

माझ्या जुन्या जीपचा मूळ डॅशबोर्ड गंजून चाळण झाला होता. त्यावर बसवायला दीड मिलिमीटर जाडीचा, ६०० बाय १८० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून घेतला. मीटरची नि स्विचची भोकं आधीच पाडा, कडा कानशीने साफ करा. नंतर भोकं पाडायला गेलात तर कानस एकदा तरी घसरतेच, आणि खवल्यांवरचा ओरखडा लपत नाही. मग पत्रा ४०० नि नंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. आरशासारखा चकचकीत करायची गरज नाही, खोल ओरखडे गेले की पुरे.

हत्यार साधं आहे. २५ मिलिमीटर जाडीची कडक लाकडाची दांडी घ्यायची, तिचं एक टोक ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, बसेल इतकं बारीक तासून घ्यायचं, दुसरं अगदी सपाट ठेवायचं. घासायला इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायची पेस्ट. डब्याला दोन बाजू असतात, त्यातली बारीक पेस्ट घ्या आणि थोड्या तेलात कालवा. हातातल्या ड्रिलने हे होत नाही, दांडी भरकटते. स्टँडवरचं ड्रिल हवं, फेरे मिनिटाला हजारच्या आत. जास्त वेगात पेस्ट उडून शर्टावर येते. हातमोजे घालू नका, फिरत्या चकमध्ये अडकतात. डोळ्यांना संरक्षक चष्मा मात्र हवाच.

पत्र्याखाली प्लायवूड ठेवा, म्हणजे भोकांच्या कडेला तो वाकणार नाही. प्लायला सरळ पट्टी टेकवून तिच्यावर दर १२ मिलिमीटरला खूण करा. २५ च्या वर्तुळाला १२ चं अंतर, म्हणजे प्रत्येक वर्तुळ आधीचं अर्धं झाकतं. ओळींमधलं अंतरही १२ च. माझ्या पत्र्यावर एका ओळीत ५० आणि ओळी १५, म्हणजे साडेसातशे वेळा हँडल खाली ओढलं. दर वेळी पेस्ट लावलेली फिरती दांडी पत्र्यावर टेकवून मनात तीन आकडे मोजायचे आणि दाब तेवढाच ठेवायचा. पाच-सहा वर्तुळांनी दांडीला पुन्हा पेस्ट. आधी टाकाऊ तुकड्यावर दोन ओळी काढून हात बसवा.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती तुमचीही होऊ शकते. माझं टेबलावरचं ड्रिल छोटं. चकपासून मागच्या खांबापर्यंत जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर जागा. अर्ध्या ओळी झाल्यावर पत्रा खांबाला अडला. मी हुशारी केली, पत्रा उलटा फिरवला आणि दुसऱ्या कडेने सुरू केलं. पुसून उजेडात धरला तर मधोमध चक्क सांधा! एका बाजूचे खवले डावीकडे झुकलेले, दुसरीकडचे उजवीकडे. अशी मासळी दर्यात मिळत नाही. प्रत्येक ओळ त्याच बाजूने सुरू झाली पाहिजे आणि पुढची ओळ नेहमी आधीच्या ओळीवर चढली पाहिजे. शेवटी सगळं घासून काढलं आणि मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं करणाऱ्या एका मिस्त्रींच्या मोठ्या ड्रिलवर दुसऱ्यांदा साडेसातशे काढले. तुम्ही आधी टेप लावून चक ते खांब ही जागा मोजा.

काम झालं की रॉकेलने पेस्ट धुवा, मग साबण आणि गोड्या पाण्याने, आणि पूर्ण वाळवा. यानंतर बोट लावू नका. घामाचा ठसा क्लिअर कोटखाली, म्हणजे वरून मारायच्या पारदर्शक लॅकरखाली, कायमचा राहतो. थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसून लगेच क्लिअर मारा, पातळ दोन-तीन हात. आमच्या खाऱ्या हवेत उघडं अॅल्युमिनियम लवकर काळवंडतं, त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखे ठिपके पडतात. पावसाळ्यात फवारणी करूच नका, दमट हवेत लॅकर दुधासारखं पांढुरकं पडतं. डिसेंबर-जानेवारीत दव उडाल्यावर, अकराच्या सुमारास मारलेलं उत्तम. दोन डब्यांचं हार्डनरवालं क्लिअर असेल तर योग्य मास्क घ्या, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

हे काम डॅशबोर्डला शोभतं. बॉनेटवर करू नका, दुपारच्या उन्हात डोळ्यांवर तिरीप येते.

बसवताना मागच्या लोखंडाला आधी रंग मारा आणि प्रत्येक स्टीलच्या स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला. दोन धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की अॅल्युमिनियम भोकाभोवती सडतं. मी एका स्क्रूला वॉशर विसरलो होतो. ग्लोव्ह बॉक्सजवळचा तो एक खवला आता राखाडी झालाय.