जुन्या गाडीला रिमोट लॉक बसवताना

रिमोट लॉक म्हटले की डोळ्यांसमोर येते ती किल्लीच्या जुडग्याला लटकणारी बटणांची डबी. प्रत्यक्षात या कामात त्या डबीचा वाटा सगळ्यांत लहान असतो. डबी संदेश पाठवते, डॅशबोर्डखाली बसवलेले युनिट तो ओळखते आणि अर्ध्या-पाऊण सेकंदापुरता रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढते, एवढेच. खरे काम दरवाज्याच्या पत्र्याआड चालते, आणि तिथले कुलूप पंधरा-वीस वर्षांच्या धुळीने जड झाले असेल, तर कितीही महागाचे किट आणले तरी ते महिन्याभरात कुरकुरू लागते. घरच्या एमएच-३१ क्रमांकाच्या मारुती ८०० वर हे काम मी एकदा पैसे देऊन करवून घेतले आणि नंतर तेच पहिल्यापासून स्वतः केले. पुढचे सारे त्या दुसऱ्या खेपेच्या अनुभवातून आलेले आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी गाडीत सेंट्रल लॉकिंग आहे की नाही, हे पाहावे. चालकाच्या दाराची खुंटी दाबल्यावर उरलेल्या दारांच्या खुंट्याही खाली जात असतील, तर ते आहे; अशा गाडीला केवळ रिमोटचे युनिट पुरते. ते नसेल तर प्रत्येक दारात एक मोटर बसवावी लागते. पाकिटावर तिचे नाव ॲक्चुएटर असे छापलेले असते, गॅरेजात मात्र तिला मोटरच म्हणतात. चार दारांच्या किटमध्ये चालकाच्या दाराची मोटर साधारणपणे पाच तारांची आणि बाकीच्या दोन तारांच्या असतात. पाचांपैकी दोन तारा मोटर चालवतात आणि तीन तिच्या आतल्या स्विचच्या असतात, म्हणूनच चालकाचे दार किल्लीने लावले तरी इतर दारांना निरोप पोचतो. रिमोट घेताना एकच गोष्ट आग्रहाने विचारावी, ती म्हणजे कोड दर वेळी बदलतो की नाही. ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या स्थिर कोडच्या स्वस्त रिमोटची नक्कल नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतूनही करता येते. बदलत्या कोडच्या रिमोटची तशी सहजासहजी करता येत नाही.

कंपनीचे सेंट्रल लॉकिंग आधीपासून असेल, तर मल्टीमीटरशिवाय (व्होल्ट आणि विद्युतप्रवाह मोजायच्या यंत्राशिवाय) एकाही तारेला हात लावू नये. तारांच्या रंगांवर विसंबणे म्हणजे फ्यूजला आमंत्रण देण्यासारखे आहे, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही रंग बदललेले आढळतात. मीटरची काळी तार बॉडीच्या उघड्या धातूला लावावी, लाल तार चालकाच्या दारातून येणाऱ्या एकेका तारेवर टेकवावी आणि सोबत्याला खुंटी वर-खाली करायला सांगावे. एखादी तार एरवी १२ व्होल्टच्या आसपास दाखवत असून खुंटी दाबताच शून्यावर येत असेल, तर ती पद्धत निगेटिव्ह ट्रिगरची. उलट, शून्यावरून १२ वर उडी मारत असेल, तर पॉझिटिव्हची. दोन तारा एरवी शून्यावर असतात आणि लॉक करताना एकीवर, अनलॉक करताना दुसरीवर क्षणभर १२ व्होल्ट येतात, ही तिसरी पद्धत म्हणजे ध्रुव उलटण्याची. युनिटमधून लॉकसाठी तीन व अनलॉकसाठी तीन अशा सहा तारा निघतात. त्यांपैकी कोणती कुठे जोडायची, हे या एका मोजणीवर ठरते आणि किटच्या कागदावरच्या तीन आकृत्यांपैकी आपली कोणती, हेही तेव्हाच कळते. जुन्या गाड्यांत आणखी एक गंमत असते. चालकाच्या दारात पुष्कळदा फक्त स्विच असतो, मोटर नसतेच, कारण ते दार किल्लीनेच उघडायचे असे गृहीत धरलेले असते. अशा गाडीत रिमोट दाबल्यावर तीन दारे उघडतात आणि नेमके चालकाचे बंद राहते. त्या दारात दोन तारांची एक मोटर वेगळी बसवावी लागते.

आता दरवाज्याकडे वळू. कामापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी आणि सर्व काचा खाली कराव्यात, म्हणजे चाचणीत काही चुकले तरी आपण बाहेर आणि किल्ली आत, असा प्रसंग ओढवणार नाही. काच फिरवायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड (दाराचे आतले आवरण) यांच्या फटीत सुती कापडाची पट्टी घालून ती बूट पुसल्यासारखी दोन्ही बाजूंना ओढली, की क्लिप टणकन उडून बाहेर येते. ती कुठे पडली, हे त्याच क्षणी पाहून ठेवावे. दरवाज्याच्या पॅडची प्लास्टिकची बटणे जुन्या गाडीत चार-सहा तरी तुटतातच, तेव्हा नवी आधीच आणून ठेवलेली बरी. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडू नये. काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी त्या कागदामुळेच गाडीत न येता तळच्या भोकांतून बाहेर जाते. तो निष्काळजीपणे परत लावला, तर जुलैमध्ये पायाखालची मॅट ओली होते आणि दोष मात्र कुणी रिमोटला देत नाही.

मोटर लावण्यापूर्वी एका बोटाची परीक्षा करावी. खुंटी किंवा आतल्या हँडलजवळची सरकती कळ एका बोटाने सहज हलली पाहिजे. अंगठा आणि तर्जनी दोन्ही लागत असतील, तर कुलूप रॉकेलने धुऊन, वाळवून त्याला पांढरे लिथियम ग्रीस द्यावे. या मोटरांची ओढ मर्यादित असते आणि त्यांचा दांडा जेमतेम २ सेंटिमीटर सरकतो, म्हणून त्या कुलपाच्या सळईला शक्य तितक्या समांतर बसवाव्या लागतात. तिरकी बसवलेली मोटर निम्मी ताकद सळई वाकवण्यातच घालवते. कुलूप उघडे ठेवून मोटरचा दांडाही त्याच टोकाला न्यावा आणि मगच जोडपट्टीचा स्क्रू आवळावा. त्यानंतर काच पूर्ण खाली उतरवून पाहावी. मोटर वरच्या मोकळ्या जागेत छान बसली म्हणून मी एकदा खूश झालो होतो, आणि काच अर्ध्यावर येऊन तिच्यावर खटकन टेकली.

दारातून गाडीत जाणाऱ्या तारांसाठी बिजागरीजवळ रबरी नळी असेल तर तिचाच उपयोग करावा. नसेल तर दारातले व खांबातले छिद्र समोरासमोर न पाडता थोडे वर-खाली पाडावे, कडा कानशीने घासून त्यांना गंजरोधक रंग लावावा आणि छिद्राच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराची कडी, बसवल्याशिवाय तार आत घेऊ नये. दार रोज कितीदा उघडते, याचा विचार केला तर कोऱ्या पत्र्याच्या कडेवर तारेचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

जोडण्यांच्या बाबतीत नागपूरच्या उन्हाळ्याची दखल घ्यावीच लागते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीतला डॅशबोर्ड त्याहून पुष्कळ अधिक तापतो. पिळून जोडलेल्या तारांवरची साधी इन्सुलेशन टेप तेव्हा आपला डिंक सोडून घसरते. माझ्या गाडीत पहिल्या खेपेला केलेल्या जवळपास सगळ्या जोडण्या अशाच उघड्या पडल्या होत्या. म्हणून सोल्डर करून त्यावर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी, आणि युनिट दुहेरी चिकटपट्टीवर न ठेवता केबल टायने किंवा स्क्रूने पक्के करावे. मुख्य पॉझिटिव्ह तार जिथून घेतली असेल, तिथेच, वीतभर अंतराच्या आत, किटसोबत दिलेल्या क्षमतेचा फ्यूज असावा. तो उडाला म्हणून मोठा घालू नये. अर्थिंगच्या तारेसाठी बॉडीचा बोल्ट निवडून त्याखालचा रंग खरवडावा. पिवळ्या आवरणाच्या तारा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असू शकतात, त्यांना मीटरही लावू नये.

इंडिकेटर लुकलुकण्यासाठी युनिटमधून दोन तारा येतात. त्या डाव्या आणि उजव्या इंडिकेटरला स्वतंत्र जोडाव्यात; आळसाने एकत्र केल्या, तर डावीकडे वळताना दोन्ही बाजू लुकलुकतात.

सर्वांत उपेक्षित राहते ती दाराच्या दिव्याच्या स्विचला जाणारी तार. रिमोटने उघडल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटात एकही दार उघडले नाही, तर अनेक युनिटे गाडी पुन्हा लॉक करतात, आणि दार उघडले की नाही, हे त्यांना याच तारेवरून कळते. पहिल्या खेपेला फिटरने ती गुंडाळून तशीच सोडली होती. फुटाळा तलावावर मी रिमोटने दार उघडून किल्ली आणि रिमोट सीटवर ठेवले, दार ढकलले आणि भुट्टा घ्यायला वळलो. भुट्ट्याला लिंबू-मीठ लागेपर्यंत मागून चारही खुंट्यांचा एकसाथ आवाज आला. दुसरी किल्ली आणायला ऑटोने घरी जावे लागले. पॅड परत बसवण्यापूर्वी ही चाचणी काचा खाली ठेवून अवश्य करावी : रिमोटने उघडा, दार उघडून लावा आणि मिनिटभर थांबा. खुंट्या वरच राहिल्या पाहिजेत.

शेवटी गाडी बंद करून, बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मल्टीमीटर मालिकेत जोडून उभ्या गाडीचा विद्युतप्रवाह मोजावा. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असल्यास आठ-पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, आणि बॅटरी उतरली की रिमोटचाही उपयोग राहत नाही. त्यासाठी दाराच्या किल्लीचे छिद्र ग्रीस देऊन चालू ठेवावे आणि महिन्यातून एकदा तरी गाडी किल्लीने उघडावी.