पन्नास वर्षं कपाटात राहिलेल्या ३१५ ची नळी

आजोबांची ३१५ बोअरची रायफल वारसानं माझ्या परवान्यावर चढली, त्या दिवशी नळीमागं पांढरा कागद धरून मी तोंडाकडून आत बघितलं. पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, दिसेना. काळं, मधेच तांबूस, आणि तोंडाजवळ पितळेसारखे पट्टे. इच्छापूरच्या कारखान्याची ही रायफल. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आजोबांची शिकार थांबली आणि ती कपाटात गेली. घर राधानगरीच्या वरच्या अंगाला आहे. तिथं पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी धरते.

माझा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचा व्यवसाय. शेडमध्ये एमरी म्हणजे घासकागद आहे, ड्रिल आहे, आतून घासून गुळगुळीत करायची, होनिंगची सोय आहे. नळी बघितल्या बघितल्या हात शिवशिवले. पण गावाकडं गुऱ्हाळात वाढलेला माणूस मी. काईलीला करपट बसली तर ती छिन्नीनं कुणी खरवडत नाही, पाणी घालून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन सुटते. नळीचंही तसंच करायचं, असं मी ठरवलं. एमरी आणि ड्रिल नळीला कधीच लावू नका. पिळाची धार आणि नळीच्या तोंडाची कड एकदा गेली की गोळी सरळ जात नाही, आणि ती कड घरी परत आणता येत नाही.

आधी रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा, मागं ओढून त्याचं डोकं वर फिरवा म्हणजे बोल्ट बाहेर येतो. मग चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या खोबणीत, डोळ्यानं बघा आणि बोट घालूनही बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. त्यानंतर नळी साफ करायचा गज हलक्या हातानं मागून पुढं घाला. माझ्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, ते चुरा होऊन पडलं. गज मधेच घट्ट थांबला आणि माती निघाली नाही, तर आत गोळी अडकलेली असू शकते. तिथंच थांबा आणि परवानाधारक कारागिराकडं न्या. ठोकू नका.

गज एकसंध, पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा लेप असलेला हवा. तीन तुकड्यांचा जोडगज वाकतो आणि जोडाची कड पीळ घासते. गज कायम चेंबरकडून घालायचा. बोल्टच्या जागी बसेल अशी डेल्रिनची (कडक प्लॅस्टिकची) नळकांडी मी लेथवर करून घेतली, तिच्यामुळं गज मधोमध राहतो आणि रसायन लाकडात उतरत नाही.

सगळ्यात पहिलं काम पाण्याचं. इथं बहुतेकजण चुकतात, कारण बंदुकीला पाणी म्हटलं की अंगावर काटा येतो. आजोबाही प्रत्येक वेळी तेलच लावायचे. पण जुन्या काडतुसांच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं. हे मिठासारखंच क्षार, हवेतली ओल ओढून घेणारं. तेलात ते विरघळत नाही, उलट तेलाखाली बसून नळी खात राहतं. पाण्यात मात्र सहज विरघळतं. म्हणून रायफल तोंड खाली करून बादलीत धरली, चाडीला (नरसाळ्याला) रबरी नळी लावली आणि चेंबरमधून लिटरभर उकळतं पाणी सोडलं. लाकडाच्या जोडाभोवती फडकं गुंडाळलं होतं, हातात जाड हातमोजे होते. नळी इतकी तापते की आतून आपोआप वाळायला लागते. तरी लगेच चार कोरड्या चिंध्या फिरवा.

मग शिरणारं तेल. मी डब्ल्यूडी-४० वापरलं. चेंबरमध्ये भरपूर मारलं आणि रायफल रात्रभर तोंड खाली करून जुन्या वर्तमानपत्रावर उभी केली. तोंड वर ठेवलं तर तेल उतरून दस्त्याचं लाकूड मऊ करतं. सकाळी कागदावर तपकिरी डबकं होतं. असं तीन रात्री केलं. मग ब्राँझचा ब्रश, बोअरच्या म्हणजे नळीच्या आतल्याच मापाचा. ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा आणि मगच मागं ओढायचा. मधेच उलटा फिरवला तर तार मोडते आणि पिळाला मार बसतो. लोखंडी तारेचा ब्रश घेऊ नका. दहा फेऱ्या, मग चिंधी. आजोबांच्या जुन्या धोतराच्या सवा इंची चौकोनी चिंध्या मी शंभर कापल्या होत्या, त्याही पुरल्या नाहीत.

काळं कमी झालं की तांबं. गोळीच्या आवरणाचं तांबं पिळाला चिकटतं, ते अमोनिया असलेल्या कॉपर सॉल्व्हंटनं (तांबं विरघळवणाऱ्या द्रावणानं) सुटतं. इथं नायलॉनचा ब्रश घ्या. अमोनिया ब्राँझलाही खातो आणि चिंधी निळी दिसली की नळीतलंच तांबं निघतंय असं वाटून तुम्ही उगाच घासत बसता. गजाचं पितळी टोकही असंच फसवतं. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, पोरं लांब. घरातलं ब्लिचिंग जवळही नको. अमोनियाशी त्याचा विषारी वायू होतो. पंधरा मिनिटं ठेवा आणि पुसून काढा. रात्रभर ठेवायची चूक करू नका, नळी खराब होऊ शकते. बाटलीवर वेळ लिहिलेली असते, तीच पाळा.

पहिली चिंधी मोरपंखी निळी निघाली. चार चिंध्यांनंतर रंग फिका झाला आणि मग पुन्हा काळी निघाली. घाबरू नका. प्रत्येक बाराला काजळी आणि तांबं थरावर थर बसलेलं असतं, म्हणून एक सोलला की खाली दुसरा येतो. परत तेल, परत ब्राँझ, परत सॉल्व्हंट. मला सहा संध्याकाळी लागल्या. चौथ्या संध्याकाळी पहिल्यांदा पीळ दिसला आणि मी हाक मारून आईला दाखवला. ती म्हणाली, "तुझ्या आजोबानं बी असा कधी बघितला नसंल."

कुठं थांबायचं, हेही सांगतो. माझ्या नळीत चेंबरपासून वीतभर पुढं गंजाचे खड्डे आहेत. त्यांत काजळी राहणारच आणि चिंधी करडी निघत राहणार. निळा रंग थांबला, धार मोकळी झाली, तिथं मी हात थांबवला. शेवटी कोरडी चिंधी, मग पातळ तेलाची एक, आणि दोन दिवसांनी पुन्हा पांढरी चिंधी. ती तपकिरी निघाली तर क्षार उरलंय, पाण्यापासून परत सुरुवात करा. माझी दुसऱ्यांदा स्वच्छ निघाली.

बार काढायच्या आधी खड्डे आणि हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यातली जागा) परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. चेंबर आणि नळी कोरडी पुसा, आत तेल राहिलं तर दाब वाढतो. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला चिंधी फिरवा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं. खंडेनवमीला पूजेत ठेवाल तेव्हा ओली झेंडूची फुलं आणि हळदीकुंकू थेट लोखंडावर न वाहता खालच्या पाटावर वाहा, आणि त्याच संध्याकाळी बाहेरून तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवा.