लाल टोपी आणि संशयास्पद मृत्यू : नव्या तपास अधिकाऱ्यांसाठी

मिलिटरी पोलिसात आलात की सुरुवातीचा बराच काळ गेटवर, ट्रॅफिकमध्ये, व्हीआयपी ड्युटीवर आणि बाजारात दंगा घालणाऱ्या जवानांना उचलण्यात जातो. बाकीच्या फौजेलाही आपली लाल टोपी तेवढ्यापुरतीच ठाऊक असते. मग एखाद्या युनिटमध्ये अनैसर्गिक मृत्यू होतो, तपासाला तुमचं नाव येतं आणि काय वाचावं हे विचारायला तुम्ही जुन्या माणसांना फोन लावता. कायदा वाचायचाच आहे, त्याकडे येतो. पण त्याआधी एक गोष्ट पक्की धरा. तुम्ही पोहोचेपर्यंत युनिटनं मृत्यूचं कारण ठरवून टाकलेलं असतं.

“घर का टेन्शन था साहब.” “रायफल साफ करते वक्त हो गया.” सुभेदार मेजरपासून संतऱ्यापर्यंत सगळे तेच वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात. नवखा माणूस लगेच समजतो की कट शिजला आहे. बहुतेक वेळा तसं काही नसतं. दुपारपर्यंत वरच्या फॉर्मेशनला सिग्नल पाठवायचा असतो, त्यात कारणाचा रकाना असतो आणि तो भरावा लागतो. एकदा भरला की पुढचा प्रत्येक कागद त्याच रकान्याची नक्कल करतो. म्हणून पहिल्या अहवालात ‘आत्महत्या’, ‘अपघात’ यांपैकी काहीही लिहू नका. ‘गोळी लागून मृत्यू’, ‘गळफासाच्या स्थितीत आढळला’ एवढंच लिहा. यावरून तुमच्यावर आवाज चढेल, तो चढू द्या.

दुसरी अडचण फौजेच्या शिस्तीतूनच येते. फौजेला पसारा बघवत नाही. गोळीचा आवाज आला की गार्ड कमांडर धावतो, रायफल उचलतो, मॅगझिन काढतो, ‘खाली कर’ची ड्रिल पुरी करतो आणि हत्यार कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा करतो. त्याला आयुष्यभर हेच शिकवलेलं असतं आणि जिवंत माणसांच्या दृष्टीनं ते बरोबरही असतं. पण चेंबरमध्ये राउंड होता का, चेंज लीव्हर (सेफ की फायर हे ठरवणारा खटका) कुठं होता, रायफल शरीराच्या कुठल्या बाजूला पडली होती, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात पुसलं जातं. मग सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब येणार म्हणून फरशी धुतली जाते. मृताची खाजगी मालमत्ता ताब्यात घ्यायला कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट बसते, ट्रंक उघडते आणि सामान नीट घडी घालून परत भरते. यात पुरावा नष्ट करायचा कुणाचाही हेतू नसतो.

अमेरिकन लष्कराच्या रेंजर दलातला जवान पॅट टिलमन 22 एप्रिल 2004 रोजी अफगाणिस्तानात मारला गेला. त्याचा गणवेश आणि चिलखत सहकाऱ्यांनी जाळून टाकलं. शत्रूच्या गोळीनं मेला असं घरच्यांना सांगितलं गेलं. गोळ्या आपल्याच लोकांच्या होत्या हे त्यांना कळायला काही आठवडे गेले. खरं काय ते निघालं, पण त्यानंतर कुटुंबानं कुठल्याच कागदावर विश्वास ठेवला नाही.

म्हणून गाडीत बसण्याआधी फोन करा आणि ॲडज्युटंटला, म्हणजे सीओंचं कार्यालयीन काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, स्वच्छ शब्दांत सांगा, की कुणी काही धुवायचं नाही, उचललेलं परत ठेवायचं नाही, ट्रंक उघडायची नाही. यातलं ‘परत ठेवायचं नाही’ आवर्जून सांगा. लाल टोपी येणार म्हटल्यावर घाबरून रायफल मृतदेहाशेजारी नेऊन ठेवणारे महाभाग असतात. गळफासाचा प्रकार असेल तर दोर गाठीपासून लांब कापायचा, गाठ तशीच राहिली पाहिजे. माणूस जिवंत असण्याची शक्यता असेल तर अर्थातच आधी त्याला वाचवायचं, गाठ गेली तरी चालेल.

पोहोचल्यावर माझा पहिला मुक्काम कोतात असायचा, घटनास्थळी नाही. घटनास्थळावर पहारा बसवता येतो. रजिस्टर मात्र कुणाच्याही बगलेतून दुसऱ्या खोलीत जातं. बट नंबर (रायफलच्या दस्त्यावरचा क्रमांक), हत्यार बाहेर गेल्याची वेळ, सही, परत आल्याची वेळ, सही. एका रजिस्टरमध्ये अख्ख्या आठवड्याच्या सह्या एकाच पेनानं, एकाच कलानं केलेल्या दिसल्या होत्या. शाईची एक बारीक गुठळी सोमवारच्या नोंदीवर होती आणि तशीच शनिवारच्या नोंदीवर. वेळाही सगळ्या गोल, पाच मिनिटांचाही फरक नाही. कोत सांभाळणाऱ्या एनसीओनं (हवालदार-नाईक दर्जाच्या जवानानं) इन्स्पेक्शनच्या भीतीनं एका बैठकीत पानं भरली होती. त्याचा मृत्यूशी काडीचाही संबंध नव्हता, पण हत्यार त्या रात्री कुणाकडे होतं हे त्या रजिस्टरवरून सांगता येईना. मग संतऱ्यांची ड्युटी लिस्ट, एमटीचं (गाड्यांचं) रजिस्टर आणि लंगरची (जवानांच्या भोजनालयाची) हजेरी जुळवून ते काढावं लागलं.

हत्याराचा माग किती महत्त्वाचा असतो हे भटिंडा प्रकरणात दिसलं. 12 एप्रिल 2023 च्या पहाटे भटिंडा सैनिकी ठाण्यात तोफखान्याचे चार जवान झोपेतच मारले गेले. त्याच्या काही दिवस आधी एक इन्सास रायफल आणि 28 काडतुसं गहाळ झाली होती. तोंड झाकलेले दोन अनोळखी इसम पाहिल्याचं एका जवानानं सांगितलं. काही दिवसांनी पंजाब पोलिसांनी त्याच जवानाला अटक केली. पहिल्या साक्षीदाराचं म्हणणं आदरानं ऐका, लिहून घ्या आणि मग ते सगळ्यात आधी तपासा.

न्यायवैद्यक तज्ज्ञ तुम्ही नाही, पण फौजेपुरत्या दोन गोष्टी त्यांना तुम्हीच सांगायच्या. हातावर बारुदाचे कण सापडले म्हणजे त्यानंच गोळी झाडली, असा अंदाज बाहेर बांधला जातो. इथं तो माणूस आदल्या दिवशी रेंजवर गेलेला असू शकतो, किंवा सकाळीच त्यानं हत्यार साफ केलेलं असू शकतं. दुसरं, जुन्या इन्सासमध्ये तीन गोळ्यांच्या बर्स्टची (एकदा ट्रिगर दाबला की सलग तीन गोळ्या) सोय आहे, त्यामुळे एकाहून जास्त जखमा दिसल्या की लगेच खून म्हणून मोकळं व्हायचं नाही.

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. फौजेतलं खोटं पुष्कळदा दयेपोटी असतं. मृत्यू सैन्यसेवेशी निगडित धरला गेला तर विधवेला विशेष कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं, नाही तर साधारण. कंपनीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. म्हणून चिठ्ठी गायब होते आणि शेजारी रायफल साफ करायची चिंधी नि तेलाची बाटली येते, म्हणजे अपघात वाटावा. हे करणारा बडी, म्हणजे जोडीदार जवान, असतो, मित्राच्या पोरांची काळजी असणारा. त्याच्यावर डाफरून काहीच निघत नाही. त्याला हेही समजवावं लागतं की सततचा छळ किंवा नाकारलेली रजा असं काही मागे असेल तर त्या चिठ्ठीतच कुटुंबाचा खरा दावा असू शकतो. शिवाय आत्महत्येला प्रवृत्त करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 108 खाली गुन्हा आहे. चिठ्ठी गेली की छळणाराही सुटला.

जबाब घेताना खोलीत सुभेदार मेजर साहेब बसले असतील तर त्यांना मान राखून बाहेर जायची विनंती करा. ते असेपर्यंत जवान तुमच्याकडे बघणारच नाही. सावधानमध्ये उभ्या माणसाचा जबाब घेऊ नका. तो ‘जी साहब’ म्हणतो आणि त्याचा अर्थ हो असेलच असं नाही. शक्य तिथं त्याच्या मातृभाषेत बोलणारा माणूस जोडीला घ्या. न्हावी, धोबी आणि लंगरचा स्वयंपाकी यांना शेवटी ठेवू नका. कोण कुणाशी बोलेनासा झालाय हे त्यांना कंपनी कमांडरच्या आधी कळतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. स्थानिक पोलीस ठाण्याला कळवणं टाळता येत नाही. अकस्मात मृत्यूची नोंद आणि मरणोत्तर पंचनामा त्यांचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली. ठाणेदाराशी गेटवर हुज्जत घालणारे अधिकारी मी पाहिलेत, त्यात फक्त वेळ जातो. लष्करी कायद्याखालच्या माणसानं तशाच दुसऱ्या माणसाचा खून केला तर आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 69 खाली कोर्ट मार्शल होऊ शकतं. मृत नागरिक असेल तर कलम 70 आडवं येतं, काही अपवाद सोडून. कोर्ट मार्शल की फौजदारी न्यायालय, हा प्रश्न कलम 125 आणि 126 चा. तो निर्णय वरचे लोक घेतात, तुम्ही नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची अंतर्गत चौकशी, मात्र नीट समजून घ्या, कारण तिथंच तपास घसरतो. आर्मी रूल्स 1954 च्या नियम 180 प्रमाणे ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर शिंतोडा उडू शकतो, त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याचा आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे. म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तो समोर बसून प्रत्येकाची साक्ष ऐकणार. हा हक्क योग्यच आहे आणि तो डावलला तर सगळी कार्यवाही आव्हानात सापडते. म्हणून तुमचे स्वतंत्र जबाब कोर्ट बसण्याआधी हातात हवेत. शिवाय नियम 182 मुळे कोर्ट ऑफ इन्क्वायरीतली साक्ष पुढे पुरावा म्हणून चालत नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर. ‘इन्क्वायरीत आलंय की सगळं’ म्हणून तपास आवरता घेणाऱ्यांच्या हातात शेवटी काहीच उरत नाही. कोर्ट मार्शलसाठी आर्मी ॲक्टच्या कलम 122 ची तीन वर्षांची मुदतही चालू असते.

मृताचा मोबाइल स्वतः उघडून बघू नका, कितीही मोह झाला तरी. सीलबंद करून प्रयोगशाळेकडे द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलचं प्रमाणपत्र नसेल तर आतला मजकूर न्यायालयात अडतो. आणि घरच्यांना बातमी द्यायला कुणी तोच मोबाइल वापरला का, हे आधी विचारा. पुष्कळदा वापरलेला असतो.

या कामात मुली येऊ शकतात का, हेही विचारलं जातं. येऊ शकतात, येत आहेत. जवान म्हणून महिलांची पहिली तुकडी, 83 जणींची, मे 2021 मध्ये बंगळूरच्या आपल्या सेंटरमधून बाहेर पडली. फॅमिली क्वार्टरमधल्या मृत्यूंच्या तपासात त्यांच्यावाचून अडतं. शेजारणी आमच्याशी दारातूनच बोलायच्या.

आपल्या नोंदी त्याच दिवशी, वेळ घालून, खाडाखोड असेल तर तिच्यावर सही करून ठेवा. बदली झाल्यावर देशाच्या दुसऱ्या टोकाला असताना समन्स येतं. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की रायफल तुम्ही पाहिली तेव्हा ती कुणाच्या हातात होती.