चिऱ्याच्या भिंतीआडून लाइन बॅटल

लाइन बॅटल म्हणजे जुन्या काळच्या फौजांसारखं रांगेत उभं राहून फैरी झाडायची ऑनलाइन लढाई. गोव्यातल्या घरातून ती खेळायची तर सुरुवात 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' हा कॉम्प्युटर गेम आणि त्यावरची 'नेपोलियॉनिक वॉर्स' ही जोड, या दोघांनी करा. पहिला 2010 चा, दुसरी 2012 ची. जोड एकटी चालत नाही, मूळ खेळ लागतोच. चित्रं आता जुनाट दिसतात, पण एका सर्व्हरवर दोनशेवर माणसं मावतात आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही भागतं. 'होल्डफास्ट: नेशन्स अ‍ॅट वॉर' दिसायला देखणा, दीडशे जणांचा, त्याला 8 जीबी रॅम धरून चला. अमेरिकन यादवीवरचा 'वॉर ऑफ राइट्स' चांगल्या कार्डाशिवाय उघडूच नका. नेपोलियॉनिक वॉर्समध्ये ब्रिटिश, फ्रेंच, ऑस्ट्रियन, प्रशियन आणि रशियन फौजा आहेत. मराठे नाहीत, पोर्तुगीजही नाहीत. फोंड्याचा 1683 चा वेढा मनातल्या मनातच लढायचा.

आधी घरातली इंटरनेटची लाइन तपासा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंती 5 गिगाहर्ट्झचा वायफाय गिळतात. एक खोली ओलांडली की सिग्नल निम्मा. 2.4 वर पोचतो, पण शेजाऱ्यांच्या गर्दीत तो उड्या मारतो. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत कॅट-6 केबल ओढणं हाच खरा उपाय. खातरजमा अशी: राउटरच्या पत्त्यावर शंभर पिंग सोडा (पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत). केबलवर सगळे एक-दोन मिलिसेकंदांत परततात. मध्येच एखादा 40, एखादा 90 आला तर दोष घरातच आहे, इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. युरोपातल्या सर्व्हरला इथून दीडशेच्या आसपास किंवा वर पिंग लागतं आणि ते अंतराचं असल्यामुळे फार कमी होत नाही. कायम 160 असलेलं पिंग अंगवळणी पडतं. 120 ते 300 असं हेलकावणारं पडत नाही.

पावसाळ्यात दुसरी भानगड. लाइट गेल्यावर साधा घरगुती इन्व्हर्टर वीज बदलायला जो क्षण घेतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर असला तरी मध्ये 600 व्हीएचा यूपीएस लावा. साध्या डेस्कटॉपला पाचेक मिनिटं मिळतात, इन्व्हर्टर चालू व्हायला तेवढी पुष्कळ. राउटर आणि फायबरचा डबा यांना वेगळा छोटा यूपीएस घेतलात तर अडॅप्टरवरचा व्होल्ट आकडा आधी वाचा. बरेच डबे 12 व्होल्टचे असतात, पण 9 चेही निघतात, आणि चुकीचा जोडला की डबा जळतो.

खेळ सुरू करण्याआधी लाँचरमधून सेटिंग उघडा. मृतदेहांची संख्या आणि गवत कमी करा, सावल्या बंद करा. वॉरबँडचा भार मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो, म्हणून दोनशे माणसं एका टेकडीवर जमली की महागडं कार्डही अडखळतं. मग खेळात जाऊन बचावाची दिशा 'माउस' वर ठेवा. आपोआप बचावाची सवय लागली तर जिथे हाताने अडवावं लागतं त्या सर्व्हरवर पहिल्याच संगिनीला बळी पडाल.

सामन्यांच्या वेळा हा आपल्याकडचा मोठा अडसर. युरोपातल्या पलटणी, म्हणजे खेळाडूंचे गट, तिथल्या संध्याकाळी जमतात. मध्य युरोपातले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. त्या आठवड्यात हटकून कोणीतरी तासभर चुकतो. सकाळी सर्व्हर ओसाड दिसले म्हणून खेळ मेला असं समजू नका.

आता रांग. लाइन बॅटलमध्ये खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि अधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय बार काढायचा नाही. रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, जसं ढोलाकडे कान ठेवून पाऊल टाकतात, तसंच. डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळताना बोलायच्या अ‍ॅपवर, अधिकारी बोलत असताना बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा. चॅटमध्ये 'एफओएल' आलं तर कोणी रांगेबाहेरून बार काढलाय. 'एफआयसी' म्हणजे धावा बोलल्यावर गोळी झाडली. दोन्हीला शिक्षा होते, बहुधा तुम्हाला तिथेच ठार करून. मौज यातच आहे: एकट्याची मस्केट शंभर पावलांवर काही धड लागत नाही, पण तीस जणांची फैर एकदम सुटली की समोरची रांग फाटते.

नव्या माणसाच्या चुका ठरलेल्या. मागच्या ओळीतून झाडलेली गोळी पुढच्याच्या मानेत जाते, म्हणून पुढच्या ओळीने गुडघा टेकायचा. बंदूक भरायला दहा सेकंदांहून जास्त लागतात आणि मध्येच पाय हलला की भरणं मोडतं. 'चला' असा हुकूम येणार असं वाटलं तर भरायला घेऊ नका, अर्धवट भरणं वाया जातं. लांबच्या निशाण्यावर नेम थोडा वर धरा, गोळी खाली येते. आणि चालता चालता झाडू नका, नेमाचं वर्तुळ पसरतं.

संगिनीचे वार दोनच, वरून आणि खालून. अडवायचंही दोनच दिशांना. बंदुकीवरून संगिनीवर यायला एक्स दाबा. घाईत तेवढं विसरलात तर समोरचा भोसकत असताना तुम्ही नेम धरून उभे. जास्त पिंगवर प्रतिस्पर्ध्याचा हात हलल्याचं दिसेपर्यंत वार निघालेला असतो, तेव्हा अंदाजाने आधीच अडवा. म्हणूनच गोव्यातून खेळणाऱ्याने द्वंद्व आणि घोडदळ सुरुवातीला टाळावं. रांगेतला शिपाई, ताशेवाला किंवा तोफेला गोळे वाहणारा, या कामांत शंभर मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही.

चवथीला घरात भावंडं जमली आणि पाच-सहा लॅपटॉप असले तर युरोपाची गरजच नाही. 'कमांडर बॅटल' लावा: प्रत्येकाच्या हाताखाली बॉटांची, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेल्या शिपायांची तुकडी, पिंग जवळजवळ शून्य. सर्व्हर सगळ्यात ताकदवान प्रोसेसरच्या मशीनवर चालवा आणि सगळ्यांना साध्या गिगाबिट स्विचने जोडा. बॉट थोडे ठेवून सुरू करा. खेळ अडखळायला लागला की तिथून मागे या. बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, मांडणार असाल तर पावसाचा झोत कुठून येतो ते आधी बघा.