मिक्स मीडिया पोर्ट्रेट: चेहऱ्याला साजेशी जमीन कशी बांधावी

मिक्स मीडिया म्हणजे एकाच चित्रात पेस्ट, कागद, कापड आणि वेगवेगळे रंग, आणि जमीन म्हणजे रंगाखालचा तयार थर. या जमिनीतल्या उठावदार पोताला स्वतःची सावली असते. गालावर पोत देणाऱ्या पेस्टची दोन मिलिमीटरची कड राहिली आणि चित्र खिडकीशेजारी लागलं, की उजेड तिरपा होताच तिथे न रंगवलेली सुरकुती दिसते. वरून कितीही रंग लावा, ती जात नाही. म्हणून आधी चेहऱ्याचं रेखाटन पक्कं करा, उजेड कुठून येतो ते ठरवा, मगच पेस्ट कालवा.

जाड पोतासाठी ताणलेला कॅनव्हास घेऊ नका. तो हलतो आणि कडक थराला तडे जातात. १२ बाय १६ इंचांसाठी ६ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) पुरतो, त्याहून मोठ्या बोर्डाला मागून लाकडी चौकट हवीच. २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, धूळ पुसा आणि अॅक्रिलिक मिडियमचे (रंगद्रव्य नसलेलं, चिकट अॅक्रिलिक) दोन हात पुढे, मागे आणि चारही कडांना द्या. पहिल्या हातानंतर तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासून घ्या. कडांकडे दुर्लक्ष नको. एमडीएफ सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितो, आणि ठाण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. एकच बाजू रंगवलेला बोर्ड अशा हवेत हमखास वाकतो.

त्यावर जेसोचे (रंग धरणारं पांढरं अस्तर) तीन पातळ हात: एक आडवा, एक उभा, पुन्हा एक आडवा. दहा चमचे जेसोत दोन चमच्यांहून जास्त पाणी नको. थंडीत तासाभरात पुढचा हात देता येतो, पावसाळ्यात चार तास थांबा. घड्याळापेक्षा तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. थर गार लागला तर आत अजून पाणी आहे.

पेस्टचं आमचं प्रमाण: बारीक मार्बल पावडर ४ चमचे, अॅक्रिलिक मॅट मिडियम ३ चमचे, जेसो १ चमचा. मिडियममध्ये पावडर थोडी थोडी घालत हलक्या हाताने कालवा. फेटलंत तर हवा शिरते आणि वाळल्यावर टाचणीएवढी भोकं पडतात. घट्टपणा श्रीखंडाइतका हवा. रवाळ पोत हवा असेल तर अर्ध्या मार्बल पावडरीऐवजी पांढरी रांगोळी चहाच्या गाळण्यातून गाळून घाला. रंगीत रांगोळी नको, तिचा रंग ओल्या मिडियममध्ये सुटू शकतो. पावडर हाताळताना मास्क लावा आणि वाळलेला थर ओल्या पॉलिश पेपरनेच घासा.

एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. वरची साय आधी वाळते, आतला ओला भाग नंतर आकसतो आणि तडा जातो. पंखा थेट बोर्डावर सोडला तरी हेच होतं, त्यामुळे त्याचं तोंड भिंतीकडे करा. वाळल्यावर बोट घासून पांढरं लागलं तर मिडियम कमी पडलं आहे. नुसत्या मिडियमचा एक पातळ हात द्या. स्वस्त पडते म्हणून पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी वापरण्याचा मोह होतो, पण ती ठिसूळ असते.

आता खरं काम. केसांत पेस्ट ओली असतानाच मोठ्या दातांचा कंगवा केसांच्या वळणाने ओढा. कपाळावर आणि गालावर पोत हवाच असेल तर तो टिश्यू पेपरचा असू द्या: चुरगळून उलगडा आणि मिडियमने चिकटवा. डोळे, नाकपुड्या, ओठ यांची जागा ३२० नंबरने गुळगुळीत करा, बुबुळातला चमकता ठिपका खड्ड्यात पडला तर नजर हरवते. मग खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च बोर्डाला जवळजवळ टेकवा, चित्रातला उजेड ज्या बाजूचा आहे त्याच बाजूने. गालावर नको ती सावली दिसली तर आत्ताच घासा.

खांद्यावरच्या शालीसाठी गोणपाट छान दिसतं. वाशीच्या धान्यबाजारातलं रिकामं पोतं चालेल, मात्र ते धुऊन, कडक वाळवून, इस्त्री करून घ्या आणि दोन्ही बाजूंनी मिडियम लावून मगच चिकटवा. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो. मजकूर हवा असेल तर त्याची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढा. टोनर पाण्याने सुटत नाही, इंकजेटची शाई मात्र पसरते.

रंगाचा क्रमही पाळा. कोळशाचं रेखाटन फिक्सेटिव्हने (भुकटी धरून ठेवणारा फवारा) बांधलं नाही तर वरचा अॅक्रिलिक मळकट होतो. अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, त्याआधी जमीन किमान ३ दिवस वाळू द्या. तैलरंगावर अॅक्रिलिक कधीच नको, तो पुढे सुटतो. कोरडं पेस्टल धरण्यासाठी जागा खरखरीत हवी: ४ चमचे जेसोत १ चमचा मार्बल पावडर मिसळून तेवढ्याच भागाला लावा. पेस्टल असलेलं चित्र काचेत बसवताना काच आणि चित्रात किमान ५ मिलिमीटरची फट ठेवा आणि मागे दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे ओलसर भिंतीपासून बोर्ड सुटा राहील.